पहिल्यांदा नापाला जाताना



बे एरियात नव्याने आलेल्या मराठी माणसाच्या पहिल्या वर्षातल्या सहली ठरलेल्या असतात. गोल्डन गेट, योसेमिटी, लेक टाहो, आणि भारतातून कोणी पाहुणे आले की नापा. पहिल्या तीन ठिकाणी काय बघायचं हे कोणाला सांगावं लागत नाही. नापात मात्र आपण काउंटरपाशी उभे राहतो, पलीकडचा माणूस 'ब्लॅक चेरी, थोडंसं लेदर' असं काहीतरी म्हणतो, आपण मान डोलावतो, पाच घोट घेतो, वेलींसमोर फोटो काढतो आणि घरी येतो. वाइनची चव पहिल्या भेटीत कळली नाही तर काही बिघडत नाही, ती सावकाश कळते. पण त्या खोऱ्याचा थोडा इतिहास माहीत असेल तर पहिल्याच खेपेला बघण्यासारखं खूप आहे. आणि तो इतिहास बराचसा बाहेरून आलेल्या माणसांचा आहे, म्हणजे आपल्याला अगदीच परका नाही.

सुरुवात एका जुन्या पाहुण्यापासून करू. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन, 'ट्रेझर आयलंड'वाला. १८८० मध्ये त्याचं नुकतंच लग्न झालं होतं, तब्येत तोळामासा, खिशात पैसे नाहीत. म्हणून मधुचंद्रासाठी हा गडी माउंट सेंट हेलेनावरच्या एका बंद पडलेल्या चांदीच्या खाणीच्या पडक्या घरात राहिला. तिथून तो कॅलिस्टोगाजवळच्या जेकब श्राम नावाच्या जर्मन माणसाची वाइन चाखायला गेला. श्राम मूळचा न्हावी. १८६२ मध्ये त्याने डोंगरउतारावर जमीन घेतली आणि जंगल तोडून वेली लावल्या. स्टीव्हन्सनची बायको श्रामबाईंबरोबर व्हरांड्यात गप्पा मारत बसली आणि हे दोघं तळघरात शिरून एकेक प्रकार चाखत राहिले. हे सगळं त्याने 'द सिल्व्हराडो स्क्वॉटर्स' या १८८३ च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे. त्यात चवीच्या वर्णनापेक्षा श्राम कसा बोलतो, किती गांभीर्याने ओततो, पाहुण्याच्या चेहऱ्याकडे कसा बघत राहतो याचं वर्णन जास्त आहे. माझ्या मते वायनरी बघण्याची ही उत्तम पद्धत. ओतणाऱ्या माणसाला बोलतं करा. ही बाग कोणी लावली, आधी इथे काय होतं, हे विचारलं की तो लेदर आणि चेरी विसरून खरं बोलायला लागतो.

श्रामची जागा श्राम्सबर्ग या नावाने अजून चालू आहे. मधे बरीच वर्षं ओस पडली होती, १९६५ मध्ये जॅक आणि जेमी डेव्हिस या दांपत्याने घेऊन तिथे शॅम्पेनच्या पद्धतीची फसफसणारी वाइन सुरू केली. आधी वेळ ठरवून गेलात तर डोंगराच्या पोटातल्या बोगद्यांतून फिरवतात. तिथे गेलात की भिंतीवर हात ठेवून बघा. कुदळीने खणलेला दगड आहे तो. मशीन नव्हतं, वीज नव्हती. खणणारे होते चिनी मजूर. सेंट हेलेनातल्या बेरिंजर वायनरीचे बोगदेही त्यांनीच खणले. याकोब आणि फ्रेडरिक हे बेरिंजर बंधू जर्मनीतल्या माइन्त्सचे, त्यांनी ती १८७६ मध्ये सुरू केली. एसी नसण्याच्या काळात वर्षभर एकसारखं तापमान ठेवण्याचा हाच एक उपाय होता. नापाच्या सुरुवातीच्या वैभवाचा पाया म्हणजे अक्षरशः हे बोगदे.

आणि हे बोगदे खणले जात होते त्याच सुमारास, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला. जे इथे होते त्यांनाही नागरिक होता येत नव्हतं. कायदा रद्द झाला १९४३ मध्ये. आपल्यापैकी किती जण ग्रीन कार्डाच्या रांगेत दहा-बारा वर्षं काढतायत हे मी सांगायला नको. आपली आणि त्यांची तुलना करणं उद्धटपणा होईल, आपल्याला कोणी कुदळ हातात दिलेली नाही. तरीपण त्या बोगद्यात मला शॅम्पेनपेक्षा त्याचीच आठवण जास्त राहिली. बाटलीवर श्रामचं नाव आहे, खणणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला तिथे दिसलं नाही. फेब्रुवारी १९७२ मध्ये निक्सन चीनला गेले, तेव्हा बीजिंगमधल्या मेजवानीत चाऊ एन लाय यांच्याबरोबर जे प्याले उंचावले गेले त्यात याच श्राम्सबर्गची वाइन होती. गाइड ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगतात. बोगदे कोणी खणले हे त्याला जोडून आपणच विचारायचं.

बागेत गेलात तर वेलीच्या बुंध्याकडे बघा. जमिनीपासून थोडं वर एक गाठ दिसेल. ते कलम. वरचा वेल युरोपियन, खालचा खुंट अमेरिकन. फिलोक्सेरा नावाचा मुळांतला रस शोषणारा बारीक किडा मूळचा पूर्व अमेरिकेतला. तिथल्या रानवेलींना त्याची सवय होती, पण १८६० च्या दशकात तो फ्रान्सला पोचला आणि त्याने तिथल्या बागांची धूळधाण केली. मग कॅलिफोर्नियातही आला. उपाय एकच, अमेरिकन मुळांवर युरोपियन वेलीचं कलम. गंमत म्हणजे पुढे नापात बहुतेकांनी एएक्सआर-१ नावाचा एकच खुंट वापरला. त्यात अर्धं रक्त युरोपियन होतं. १९८० च्या दशकात तो किड्यापुढे हरला आणि हजारो एकर बागा उपटून पुन्हा लावाव्या लागल्या. सगळ्या प्रॉडक्टमध्ये एकच लायब्ररी वापरायची आणि भोक तिच्यातच निघायचं, हा प्रकार आपल्याला नवीन नाही :-) आपल्याकडचे द्राक्षबागायतदारही अमेरिकन खुंटावर कलम करतात. तो डॉगरिज खुंट मूळचा टेक्सासचा. तिथे कारण किड्याचं नसून पाण्याच्या टंचाईचं आणि खारवट जमिनीचं आहे.

आता दारूबंदी. जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३. खूप वायनऱ्या बुडाल्या हे सगळ्यांना माहीत असतं, पण द्राक्षाचा भाव सुरुवातीला वाढला हे फारसं माहीत नसतं. कायद्यात एक पळवाट होती. घरच्या घरी वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत 'फळांचा रस' करायला परवानगी होती. मग काय! आगगाड्या भरभरून द्राक्षं शिकागो, न्यूयॉर्कला निघाली. नाजूक जात प्रवासात टिकेना, म्हणून चांगल्या वेली उपटून जाड सालीची, गडद रंगाची अलिकांत बुशे लावली गेली. वाळवलेल्या द्राक्षांच्या विटा विकल्या जात आणि त्यावर सूचना असे, की ही वीट पाण्यात विरघळवून इतके दिवस ठेवू नका, नाहीतर त्याची वाइन होईल. दुसरी पळवाट चर्चची. प्रार्थनेसाठी लागणाऱ्या वाइनला सूट होती. रदरफर्डमधल्या बोलिओ व्हिनयार्डचे फ्रेंच मालक जॉर्ज द लातूर यांनी चर्चला वाइन पुरवून त्या तेरा वर्षांत धंदा उलट वाढवला. महाराष्ट्रात दारूचं परमिट नावाचा कागद पाहिलेल्या माणसाला यातलं काहीच आश्चर्य वाटू नये.

वायनरी लोकांनी बघायला यावी ही कल्पनासुद्धा यातूनच वर आली. बंदी उठली पण लोकांची वाइनची सवय गेली होती, म्हणून बेरिंजरने १९३४ मध्ये दारं उघडून सहली सुरू केल्या. पुढे १९६६ मध्ये रॉबर्ट मोंडावी याने सख्ख्या भावाशी बिनसल्यावर, पन्नाशी उलटल्यावर, ओकव्हिलला स्वतःची वायनरी काढली आणि टूर, टेस्टिंग, संगीत यांचा थाट उभा केला. आज आपण बघतो ते नापा बरंचसं त्याच्या साच्यातलं. गर्दी इतकी वाढली की नापा काउंटीने १९९० मध्ये नियम केला: यापुढच्या नव्या वायनऱ्यांनी पाहुणे आधी वेळ ठरवूनच घ्यायचे. त्यामुळे बुकिंग न करता गाडी काढू नका. त्याआधी, १९६८ मध्ये, काउंटीने दरीतली जमीन शेतीसाठी राखून ठेवली. मला हा तिथला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो. तो नसता तर आज तिथे सॅन होजेसारखीच घरं दिसली असती.

आणि काउंटरपाशी दडपण आलंच तर २४ मे १९७६ आठवा. पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज दुकानदाराने नऊ फ्रेंच जाणकारांना लेबलं झाकून वाइन चाखायला दिली. एकाने नापाची वाइन तोंडात घेऊन, चला, आता फ्रान्समध्ये परत आलो, अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं. निकाल लागला तेव्हा पांढऱ्यात शातो मॉन्टेलेना पहिली, लालमध्ये स्टॅग्ज लीप वाइन सेलर्स पहिली, दोन्ही नापाच्या, १९७३ च्या. एका परीक्षक बाईंनी म्हणे आपली गुणपत्रिका परत मागितली. नऊ परीक्षकांच्या गुणांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत हे स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या सेमिस्टरलाच शिकवतात, पण झाकलेल्या बाटलीपुढे भले भले चाचपडतात एवढं नक्की. मॉन्टेलेनाची वाइन करणारा माइक गर्गिच कम्युनिस्ट युगोस्लाव्हियातून निघून १९५८ मध्ये नापात आलेला. स्टॅग्ज लीपचा वॉरन विनियार्स्की शिकागो विद्यापीठातली मास्तरकी सोडून आलेला.

तशीच उलटी वाट राजीव सामंत यांची. स्टॅनफर्ड, मग ओरॅकल, मग नाशिक. कॅलिफोर्नियाचे वाइनमेकर केरी डॅम्स्की यांना बरोबर घेऊन त्यांनी सुलाची पहिली वाइन २००० मध्ये आणली. राज्य सरकारचं वाइन धोरण आलं २००१ मध्ये. तेव्हा सुट्टीत नाशिकला गेलात तर तिथेही बुंध्याची गाठ बघा.

काही किरकोळ गोष्टी. पोटभर जेवून जा, दिवसाला दोनच वायनऱ्या ठरवा, गाडी चालवणाऱ्याने घोट तोंडात फिरवून पिकदाणीत टाकावा, त्यात काही कमीपणा नाही, धंद्यातले लोक तेच करतात. आई-बाबा घेत नसतील तरी त्यांना बोगद्यांच्या टूरला जरूर न्या. आत गार असतं, शाल बरोबर असू द्या.