पडद्यावरचे गाव, पुन्हा मांडलेला संसार

लग्न मोडलेली, नवरा गमावलेली किंवा नोकरीला विटलेली एक बाई शहर सोडून छोट्या गावात येते. तिथे तिच्या हाताला काम मिळते, शेजार मिळतो आणि शेवटी जोडीदारही मिळतो. अमेरिकी चित्रपटात आणि टीव्हीवर ही कथा इतकी रुळली आहे, की त्यातले गाव पाहताक्षणी ओळखू येते. मधून जाणारा एकच मोठा रस्ता, त्यावर बेकरी आणि औषधाचे दुकान, चर्चचा मनोरा आणि एकमेकांना नावाने हाक मारणारी माणसे. पण हे गाव आणि ही नवी सुरुवात मुळात एकत्र नव्हती. पडद्यावर गाव आधी आले. तिथे संसार पुन्हा मांडण्याची मुभा बाईला फार उशिरा मिळाली.

हे गाव लोकप्रिय झाले ते खऱ्या गावांचा भर ओसरू लागल्यावर. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेतले निम्म्याहून अधिक लोक पहिल्यांदाच शहरी वस्तीत राहताना आढळले. अडीच हजार लोकवस्तीचे ठिकाणही तेव्हा शहरी गणले जाई, तरीही वारे कुठे वाहत होते ते स्पष्ट होते. त्याच वर्षी आलेल्या सिंक्लेअर लुईसच्या ‘मेन स्ट्रीट’ या कादंबरीने छोट्या गावातला कोंडमारा उघडा केला. चित्रपटसंस्थांनी मात्र गाव सोडून आलेल्यांची हुरहुर ओळखली. १९३७ साली एमजीएमने ‘अ फॅमिली अफेअर’ काढला. कार्व्हेल या काल्पनिक गावातला न्यायाधीश हार्डी आणि मिकी रूनीने रंगवलेला त्याचा मुलगा अँडी प्रेक्षकांना इतके भावले, की १९४६ पर्यंत या मालिकेचे पंधरा चित्रपट निघाले. अमेरिकी जीवनपद्धतीच्या चित्रणाबद्दल ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तिला विशेष पुरस्कारही दिला. कार्व्हेलचे रस्ते मात्र कॅलिफोर्नियात, कल्व्हर सिटीतल्या स्टुडिओच्या आवारात होते.

असे गाव उभारणे ही मोठ्या कसबाची गोष्ट होती. फ्रँक काप्राच्या ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’साठी (१९४६) लॉस एंजेलिसजवळ एन्सिनो इथे चार एकरांवर बेडफर्ड फॉल्स बांधले गेले. त्यात पंचाहत्तर दुकाने आणि इमारती होत्या, आणि वाढलेली वीस ओकची झाडे दुसरीकडून आणून लावली होती. नाताळातली दृश्ये ऐन उन्हाळ्यात चित्रित झाली. तोवर पडद्यावरच्या बर्फासाठी पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स वापरत. ते पायाखाली करकर वाजत, म्हणून संवाद मागाहून पुन्हा ध्वनिमुद्रित करावे लागत. या चित्रपटासाठी आग विझवण्याच्या रसायनात साबण आणि पाणी मिसळून फवारता येणारा, आवाज न करणारा बर्फ तयार केला गेला. त्या कामगिरीलाही अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला.

या गावात मोडलेल्या संसाराला जागा नव्हती. पडद्यावर काय दाखवावे याचे नियम घालून देणाऱ्या आणि १९३४ पासून कडकपणे अमलात आलेल्या निर्मितिसंहितेत विवाहसंस्थेचे पावित्र्य जपणे हे तत्त्वच होते. त्यामुळे ‘द ऑफुल ट्रूथ’ (१९३७) किंवा ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ (१९४०) यांसारख्या विनोदी चित्रपटांत घटस्फोट आला, तरी शेवटी बाई पहिल्याच नवऱ्याकडे परते. प्रत्यक्षात १९३१ साली नेवाडा राज्याने सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर घटस्फोट देण्यास सुरुवात केली होती आणि रीनो शहरात देशभरातून बायका येत होत्या. त्यांची पुढची कहाणी सुखाची होऊ शकते, हे पडद्यावर यायला काही दशके जावी लागली.

विधवेची गोष्ट सांगणे त्या मानाने सोपे होते, पण तिथेही गाव आडवे आले. डग्लस सर्कचा ‘ऑल दॅट हेवन अलाउज’ (१९५५) या परंपरेत सर्वांत मोलाचा मानावा लागतो. त्यात न्यू इंग्लंडमधल्या स्टोनिंगहॅम या काल्पनिक गावातली विधवा कॅरी आपल्याहून तरुण असलेल्या, बागा राखणाऱ्या रॉनच्या प्रेमात पडते. क्लबातल्या मैत्रिणी कुजबुजतात, मोठी झालेली मुले लग्नाला विरोध करतात आणि ती माघार घेते. मग आईला एकटे वाटू नये म्हणून मुले तिला टीव्ही संच आणून देतात. बंद पडद्याच्या काचेत कॅरी साकारणाऱ्या जेन वायमनच्या चेहऱ्याचे प्रतिबिंब दिसते, आणि जिवंतपणी बाजूला ठेवून दिलेल्या बाईचे सारे दुःख त्या एका दृश्यात मावते. तिचे सुख अखेर गावाबाहेर, रॉनने दुरुस्त केलेल्या जुन्या गिरणीत असते.

ते सुख पुढच्या तीस वर्षांत गावाच्या आत आले. १९६८ साली निर्मितिसंहिता संपली. दोघांपैकी कोणाचा दोष सिद्ध न करता घटस्फोट देणारा कॅलिफोर्नियाचा कायदा १ जानेवारी १९७० पासून लागू झाला आणि इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. मार्टिन स्कॉर्सेसीच्या ‘अ‍ॅलिस डझन्ट लिव्ह हिअर एनीमोर’मध्ये (१९७४) नवरा अपघातात गेल्यावर अ‍ॅलिस मुलाला घेऊन निघते. गायिका होण्याचे स्वप्न उराशी धरून ती अ‍ॅरिझोनात एका खाणावळीत वाढपी होते. या भूमिकेसाठी एलन बर्स्टिनला ऑस्कर मिळाले. मार्टिन रिटच्या ‘मर्फीज रोमान्स’मध्ये (१९८५) तर कथाप्रकाराचा पुढचा सगळा साचा दिसतो. घटस्फोटित एमा मुलासह अ‍ॅरिझोनातल्या छोट्या गावात येते, घोडे सांभाळण्याचा आणि शिकवण्याचा धंदा उभा करते आणि गावातला औषधविक्रेता मर्फी तिच्या पाठीशी उभा राहतो. चित्रीकरण झाले फ्लॉरेन्स या खऱ्या गावात. या दोन्ही चित्रपटांत पोटापाण्याची काळजी खरी वाटते. त्यांतला आनंद कष्टाने मिळवलेला आहे, म्हणूनच तो मनाला भिडतो.

पुढच्या चित्रपटांत ही काळजी हळूहळू पातळ होत गेली. ‘बेबी बूम’मध्ये (१९८७) मॅनहॅटनमधली वरिष्ठ अधिकारी व्हरमाँटला येते, लहान मुलांसाठी सफरचंदाचा गर विकते आणि गावातल्या पशुवैद्याच्या प्रेमात पडते. फॉरेस्ट व्हिटेकरच्या ‘होप फ्लोट्स’ची (१९९८) बर्डी मुलीला घेऊन टेक्सासमध्ये माहेरी परतते, कारण नवऱ्याचे आपल्याच मैत्रिणीशी असलेले संबंध तिला टीव्हीच्या कार्यक्रमात, साऱ्या देशासमोर कळलेले असतात. माहेर हे या कथेचे खरे बळ आहे. सांड्रा बुलकची बर्डी दिवसचे दिवस अंथरुणातून उठत नाही, आणि जीना रोलंड्सने साकारलेली तिची आई तिला सावरू पाहते. हे चित्रीकरण टेक्सासमधल्याच स्मिथव्हिल गावी झाले.

चित्रपटगृहातून ही कथा टीव्हीवर स्थिरावली ती शुभेच्छापत्रे विकणाऱ्या कंपनीमुळे. नेब्रास्काचा जॉइस हॉल १९१० साली बुटांच्या दोन खोक्यांत चित्रपत्रे भरून कॅन्सस सिटीत आला आणि त्याने उभ्या केलेल्या व्यवसायातून हॉलमार्क घडली. १९५१ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला कंपनीने ‘आमाल अँड द नाइट व्हिजिटर्स’ हा ऑपेरा प्रायोजित केला आणि त्यातून तिची दीर्घायुषी नाट्यमाला सुरू झाली. २००१ साली ‘हॉलमार्क’ या नावाने वाहिनी आली. २००९ पासून नाताळच्या चित्रपटांचा वार्षिक हंगाम बांधला गेला. कथांचा दुसरा झरा स्वस्त प्रेमकादंबऱ्यांचा होता. डेबी मॅकोम्बरच्या पुस्तकांवरून २०१३ साली ‘सीडर कोव्ह’ मालिका आली, रॉबिन कारच्या कादंबऱ्यांवरून २०१९ साली नेटफ्लिक्सवर ‘व्हर्जिन रिव्हर’. तिची नायिका मेल ही दुःख मागे टाकून डोंगराळ गावात आलेली विधवा परिचारिका आहे. स्टोनिंगहॅमने कॅरीला जे नाकारले, ते मेलला हे गाव आपण होऊन देऊ करते.

गोष्टीतली ही गावे अमेरिकेची असली, तरी आता ती बहुधा कॅनडात चित्रित होतात. परदेशी निर्मात्यांना तिथल्या मजुरीखर्चावर करसवलत देणारी योजना १९९७ साली सुरू झाली, प्रांतांच्या सवलती निराळ्या. सुमारे तीन आठवड्यांत चित्रपट हातावेगळा करणाऱ्यांना हे सोयीचे पडले. ब्रिटिश कोलंबियातले डोंगर आणि किनारे ‘व्हर्जिन रिव्हर’ला मिळाले, ऑन्टारिओतल्या आल्मोंट गावाला नाताळचे चित्रपट मिळाले. ओटावाजवळचे, नदीच्या धबधब्यांवर वसलेले आल्मोंट एकेकाळी लोकरीच्या गिरण्यांवर जगत होते. त्या गिरण्या बंद पडल्या. एका जुन्या गिरणीच्या इमारतीत त्या धंद्याचे संग्रहालय आहे. मुख्य रस्त्याचे नाव अजून मिल स्ट्रीटच आहे. चित्रीकरणाच्या दिवसांत तिथल्या दुकानांवर दुसऱ्या गावाच्या पाट्या लागतात, बर्फ पडायला अवकाश असला तर तो नळीने फवारला जातो, आणि जुन्या दगडी भिंतींपुढून शहरातून आलेली नवी नायिका आपली बॅग ओढत चालत येते.