नारायण विनायक जगताप यांची कथा

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. हे जगताप कोणाच्याच परिचयाचे नव्हते, कारण ते अस्तित्वातच नव्हते. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलट क्रमाने वाचली की ज. वि. ना. होतात, म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. आपले हस्ताक्षर परिषदेतल्या मंडळींना ओळखू येईल म्हणून कथेची प्रतही मंगलाताईंच्या हातची होती.

हा किस्सा वर्गात सांगितला की मुले हसतात, आणि आम्हीही अनेक वर्षे तो तास हलकाफुलका करण्यापुरताच वापरत आलो. अलीकडे मात्र वाटू लागले आहे की आपण एका महत्त्वाच्या वाङ्मयीन घटनेला चुटक्याच्या खात्यात टाकून मोकळे झालो आहोत. १९६४ साली फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडणारा, १९६५ साली पद्मभूषण झालेला, केंब्रिजहून १९७२ साली परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झालेला हा माणूस. त्याच्या नावावर कोणत्याही संपादकाने काहीही छापले असते. ते नावच त्याने बाजूला ठेवले. कथा कथा म्हणून उभी राहते की नाही, एवढेच त्याला पाहायचे होते.

यामागची परंपरा लक्षात घेतल्याशिवाय या कृतीचे वेगळेपण कळणार नाही. विद्यालयातले ज्ञान लोकांपर्यंत न्यावे ही आकांक्षा मराठीत विद्यापीठापेक्षाही जुनी आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ १८३२ साली आणि ‘दिग्दर्शन’ हे मासिक १८४० साली काढले. पुढे १९२८ पासून ‘सृष्टिज्ञान’ने हेच व्रत चालवले. या सर्वांविषयी आम्हांस नितांत आदर आहे. परंतु या लेखनाचा पवित्रा बहुतांशी गुरुजींचा. जाणता सांगतो, अजाण ऐकतो. अवघड ते सोपे करून दिले की काम झाले. त्यासाठी निबंध पुरेसा होता. जगतापांनी मात्र सांगणाऱ्याचा अधिकारच वजा करून टाकला.

याचा अर्थ काय होतो हे ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत अधिक स्पष्ट दिसते. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक, आणि अध्यक्षीय भाषणांची हजारी गाठत आलेले. (आपल्या व्यवसायाची एवढी नेमकी थट्टा एका खगोलशास्त्रज्ञाने करावी, याचे आम्हांस थोडे वैषम्य वाटते.) एका अपघातानंतर ते अशा जगात वावरून येतात जिथे पानिपतची लढाई मराठ्यांनी जिंकली आहे. परतल्यावर त्यांच्या खिशात पुरावा उरतो तो बखरीचा एक फाटका कागद. आपल्याला माहीत असलेल्या हकिकतीत विश्वासरावांना गोळी लागते. या कागदावर ती कानाजवळून निघून जाते. एवढाच फरक. मग राजेंद्र हा त्यांचा वैज्ञानिक मित्र पुंजसिद्धांत आणि आपत्तिसिद्धांत यांच्या आधारे उलगडा करू पाहतो: इलेक्ट्रॉन नेमका कोठे असेल हे निश्चित सांगता येत नाही, अनेक शक्यतांची जगे एकाच वेळी नांदत असतील, आणि एखाद्या निर्णायक क्षणी इतिहासाला फाटा फुटत असेल.

येथे विज्ञान सोपे केलेले नाही. मराठी माणसाच्या मनात अडीचशे वर्षे ठसठसणाऱ्या ‘तर’मध्ये ते नेऊन बसवले आहे. ती गोळी चुकली असती तर? हा प्रश्न आपल्या आजोबांनी ओसरीवर बसून शेकडो वेळा विचारला असेल. पुंजभौतिकीतला प्रश्न त्याच जातीचा आहे, हे दाखवायला बखरीचे एक पान पुरले. वाङ्मयप्रकाराची ही निवड आहे, आणि ती करायला भौतिकीइतकाच मराठी गद्याचा कान लागतो. दुर्गाबाई भागवतांनी १९७५ च्या कऱ्हाड संमेलनाच्या अध्यक्षपदावरून नारळीकरांच्या कथालेखनाची दखल घेतली, याचे आम्हांस म्हणूनच नवल वाटत नाही. लोककथेच्या अभ्यासकाला गोष्ट ओळखू येणारच.

१९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका स्थापन झाली आणि नारळीकर तिचे संस्थापक-संचालक झाले. तेथे शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने सुरू झाली. स्वाक्षरीसाठी वही पुढे करणाऱ्या मुलाला नारळीकर सांगत की पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही असेलच. ही नुसती युक्ती नव्हे. स्वाक्षरी मागणारा चाहता असतो. पत्र लिहिणाऱ्याला आधी आपण काय विचारणार हे ठरवावे लागते आणि ते एका पोस्टकार्डात मावेल अशा मराठीत उतरवावे लागते. आम्ही निबंधलेखनाच्या तासाला हेच शिकवू पाहतो, आणि बहुधा फसतो. पुढे २००४ साली पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून मुलांची विज्ञानशोधिका उभी राहिली. तिच्या वास्तूचे नाव ‘पुलस्त्य’: सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात पु. ल. ही अक्षरेही.

आता आमच्या घरची गोष्ट. मराठी विभागांत विज्ञानसाहित्य हे ‘प्रवाह’ या सदराखाली, प्रश्नपत्रिकेच्या टिपांपुरते उरते. विज्ञान किती अचूक हे आम्हांस तपासता येत नाही, आणि कथा किती चांगली हे तपासण्याची तसदी ‘ती शेवटी विज्ञानकथाच’ म्हणून घेतली जात नाही. पलीकडच्या इमारतीतल्या सहकाऱ्यांना हे लेखन संशोधन वाटत नाही. त्यांच्या गुणांकनात ते मोजलेच जात नाही. दोन विभागांच्या मधल्या व्हरांड्यात मराठीतले बरेचसे ज्ञान असे बेवारस पडून आहे. नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’ला २०१४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले, पण प्रकृतीमुळे ते उपस्थित राहू शकले नाहीत. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. आमच्याकडे शोकसभा विज्ञान शाखेने घेतली. मराठी विभागाला निमंत्रण होते, श्रोते म्हणून.

आमच्या अभ्यासक्रमात एकदा गंगाधरपंत आले होते. पुढच्या फेररचनेत वगळले गेले. आम्ही ती कथा अजूनही सत्राच्या शेवटच्या आठवड्यात वाचून दाखवतो. परीक्षेला नाही म्हटल्यावर निम्मा वर्ग उठून जातो. उरलेले मात्र घंटा झाल्यावरही त्या फाटक्या कागदावरून भांडत बसतात.