यदूचा नकार

वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ १९५९ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले आणि १९७४ च्या ज्ञानपीठाने मराठीला तो मान पहिल्यांदा मिळवून दिला. पांढुर्णा-सौंसर परिसरातील माझ्या माहितीच्या अनेक मराठी घरांत तिची एखादी जीर्ण प्रत अजून जपलेली आहे. कादंबरीविषयी त्या घरांत एकमत मात्र कधीच नव्हते. वडील पिढीला ती थोर वाटली. आजी-आजोबांना ती खटकली. आणि हिंदी माध्यमात शिकलेल्या नातवंडांना ययाती भेटला तो वेगळ्याच वाटेने. हा मतभेद केवळ आवडीनिवडीचा नाही, असे मला पुष्कळ दिवस वाटत आले आहे.

आमच्या घरी वडील रात्री कंदिलापाशी बसून ‘ययाति’ मोठ्याने वाचीत. आजीची अक्षरओळख बेताची, पण चातुर्मासातील पोथ्या ऐकून तिचे कान तयार झालेले. वाचन बरेच पुढे सरकल्यावर तिने विचारले, “मंग बाकीचे तीन पोट्टे कुठं गेले?” वडिलांना उत्तर सुचले नाही. ‘कादंबरी आहे, पोथी नव्हे,’ एवढेच ते म्हणाले.

आजीचा हिशेब चोख होता. महाभारताच्या आदिपर्वात ययातीला पाच पुत्र आहेत. देवयानीचे यदू आणि तुर्वसू; शर्मिष्ठेचे द्रुह्यू, अनू आणि पूरू. शुक्राचार्यांच्या शापाने अकाली जरा आली तेव्हा राजाने पाचांकडे तारुण्य मागितले. चौघांनी नाकारले, धाकट्या पूरूने दिले. सहस्र वर्षांच्या उपभोगानंतर ययातीने ते परत केले आणि राज्यही पूरूलाच दिले. त्या वेळी प्रजेने राजाला अडवून विचारले, की ज्येष्ठ यदू असताना कनिष्ठाला सिंहासन कसे? पित्याची आज्ञा न मानणारा पुत्र पुत्रच नव्हे, आणि शुक्राचार्यांचा वरही आज्ञाधारकालाच आहे, असे ययातीने उत्तर दिले. लोक गप्प झाले. म्हणजे मुळात ही कथा वारशाची आहे. कोणाला गादी मिळाली आणि कोणाला सीमेवर धाडले गेले, याची आहे. विष्णुपुराण तर वाटणी दिशांसह सांगते. तुर्वसूला आग्नेय, द्रुह्यूला पश्चिम, अनूला उत्तर आणि यदूला दक्षिण; चौघेही मांडलिक.

खांडेकरांना ही वाटणी नको होती. त्यांच्यापुढे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातील समाज होता, त्यातली वाढती भोगलालसा होती. त्यांनी पाच पुत्रांचे दोन केले. आदिपर्वात देवयानीच्या शापानंतर ययातीच्या कथेतून निघून जाणारा कच त्यांनी पुनःपुन्हा परत आणला आणि त्याच्या मुखी संयमाचे तत्त्वज्ञान घातले. ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना त्यांनी आपापली बाजू सांगू दिली. दासी झालेल्या राजकन्येच्या तोंडून तिची व्यथा ऐकणे हा त्या काळच्या वाचकाला, विशेषतः वाचक स्त्रियांना, मोठाच अनुभव होता. माझ्या आईचे मत शेवटपर्यंत हेच होते, की पोथीतली शर्मिष्ठा तिला कधी दिसलीच नव्हती. कच जरा जास्तच बोलतो, भाषेला अलंकारांचा भार होतो, हे आक्षेप मलाही मान्य आहेत. पण पुराणकथा बदलली म्हणून खांडेकरांना दोष देणे मला पटत नाही. कालिदासाने दुर्वासाचा शाप घालून दुष्यंताला वाचविले, तेव्हा त्याने तरी दुसरे काय केले?

तरीही आजीच्या प्रश्नाचे उत्तर या युक्तिवादात नाही. सौंसरजवळच्या मोहगाव हवेलीतील अर्धनारीश्वराचे स्थान लोकपरंपरेने शुक्राचार्यांच्या तपश्चर्येशी जोडलेले आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून तिचा उपयोग नाही, हे उघड आहे. पण त्या शिवालयात लहानपणापासून जाणाऱ्यांना देवयानीचा बाप हा जवळपासचाच कोणी रागीट वडीलधारा वाटतो. त्याची कथा कोणी आखडती घेतली की ते विचारणारच.

शिवाय आजी ज्या पोथीवर वाढली तिच्यातला यदू निराळा आहे. भागवताच्या नवव्या स्कंधात यदूचा नकार हा केवळ उद्धटपणा नाही. सुखाचा अनुभव घेतल्यावाचून माणूस तृष्णेतून सुटत नाही, असे कारण तो देतो. यदुकुळात अवतरलेल्या कृष्णाचा हा ग्रंथ; त्याने मूळपुरुषाची बाजू राखली यात नवल नाही. अकराव्या स्कंधात तर स्वतः कृष्णच उद्धवाला यदू आणि अवधूत यांचा संवाद सांगतो. तरुण अवधूताला नम्रपणे प्रश्न विचारून त्याच्याकडून चोवीस गुरूंची कथा ऐकणारा राजा तो हाच यदू. एकनाथांनी या अकराव्या स्कंधावरची आपली मराठी टीका १५७३ साली काशीत पुरी केली. पैठणचा माणूस, हिंदी मुलखात बसून, मराठीत. ‘एकनाथी भागवत’ ऐकलेल्या माणसाला यदू म्हणजे बापाचे न ऐकणारा मुलगा नव्हे, तर योग्य वेळी योग्य प्रश्न विचारणारा राजा असतो.

मराठी मुलुखाचा इतिहासही याच बाजूला झुकतो. देवगिरीचे राजे स्वतःला यादव म्हणवीत. हेमाद्रीने लिहिलेली त्यांची राजप्रशस्ती चंद्रापासून यदूमार्गे खाली येते. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीचा समारोप करताना रामचंद्ररायाचा उल्लेख यदुवंशीय म्हणूनच केला आहे, आणि त्याच राजाच्या काळचा शिलालेख आपल्या जवळच्या रामटेकला लक्ष्मणमंदिरात आहे. वंशावळी राजांच्या सोयीने रचल्या जातात, हे खरे. पण सोयीने का होईना, मराठी राजांनी पूर्वज निवडला तो पूरू नव्हे. दक्षिणेला धाडलेला, गादी न मिळालेला थोरला मुलगा निवडला.

नव्या पिढीची तक्रार आणखी वेगळी आहे. आमच्या घरच्या मुलांनी ‘ययाति’ वाचण्याआधी भीष्म साहनींचे ‘माधवी’ हे हिंदी नाटक वाचले. उद्योगपर्वातल्या त्या कथेत गालवाला गुरुदक्षिणेसाठी आठशे श्यामकर्ण घोडे हवे असतात आणि घोडे नसलेला ययाती दानशूरपणाची लाज राखण्यासाठी स्वतःची मुलगी देऊन टाकतो. कॉलेजात शिकणारी माझी भाची म्हणाली, “मामा, मुलाचे तारुण्य घेतले त्याचा पश्चात्ताप आहे, मुलगी दिली त्याचा कुठे आहे?” खांडेकरांनी ही कथा घेतलेली नाही, म्हणून हा प्रश्न त्यांना विचारणे अन्यायाचे होईल. महाभारताला मात्र तो विचारता येतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे दोन्ही तालुके छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला तोही मध्य प्रदेशातच. रेषेच्या अलीकडे राहिलेल्या घरांत यदूची बाजू घेणारे जास्त का, याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. वडिलांना तो कधीच पटला नाही. पूरूच्या त्यागाचे पान वाचताना त्यांचा गळा दाटून येई. आजी तेवढ्यापुरती गप्प बसे आणि पान उलटले की पुन्हा म्हणे, “अन् यदू?”