गिरणगावचा कादंबरीवाचक

मराठी कादंबरीचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली वाट आहे. 1857 साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' निघाले, 1861 साली हळब्यांची 'मुक्तामाला' आली, पुढे 1890 साली हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' पत्र काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः दिली. ही वाट विद्वानांनी घातलेली आहे आणि ती खरीच आहे. पण तिच्यावरून चालताना वाचणारा माणूस फारसा भेटत नाही. तो पोटासाठी काय करीत होता, पुस्तक कोठून आणीत होता आणि वाचून झाल्यावर काय म्हणाला, हे विचारावे असे थोड्यांनाच वाटले. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. तेव्हा साहित्याचा इतिहास मी सांगणार नाही. एका वस्तीने कादंबऱ्या कशा वाचल्या, एवढेच सांगतो.

निमित्त घडले ते कोनमध्ये. आपल्या पनवेलजवळच्या ह्या गावी गिरणी कामगारांसाठी 2417 घरांची सोडत 2016 साली निघाली. ताबा मिळेपर्यंत पुष्कळ वर्षे गेली; मधल्या करोनाच्या काळात तर ह्या इमारतींत रुग्णांची आणि संशयितांची सोय केलेली होती. वडिलांच्या नावावरचे घर शेवटी आमच्या हाती आले, तेव्हा वडील नव्हते. त्यांची लोखंडी ट्रंक मात्र आली. तिच्या तळाशी भाड्याने आणलेली दोन पुस्तके निघाली, एक अण्णाभाऊ साठ्यांचा 'फकिरा' आणि एक बाबुराव अर्नाळकरांची रहस्यकथा. आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर शेवटची तारीख जानेवारी 1982 मधली होती. त्याच महिन्याच्या 18 तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला, हे येथे कोणाला सांगायला नको.

परळ-लालबागच्या चाळींत एकेका खोलीत दहा-पंधरा माणसे राहत. कोणाची पहिली पाळी, कोणाची रात्रपाळी, बायकामुले गावी. खानावळवाली बाई जेवू घाली. अशा खोलीत दिव्याखाली बसून एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, ही रीत जुनी आहे. आपल्याच, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे नारायण मल्हार जोशी ह्यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि तिच्यामार्फत कामगारवस्तीत रात्रीच्या शाळा आणि फिरती वाचनालये चालवली. पुढे 1920 साली आयटक उभी करण्यातही तेच होते. ज्याने आम्हाला संघटना शिकवली त्यानेच आधी आमच्या दारी पुस्तक आणले, हा क्रम मला फार विचार करण्याजोगा वाटतो.

ह्या वाचकाने मते दिली, पण ती तोंडी. नाथमाधवांचे 'वीरधवल' आमच्या खोलीत दोनदा वाचले गेले असे वडील सांगत. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, तोफगाड्यांच्या कारखान्यातले नोकर. सिंहगडावरून पडून कमरेखाली पंगू झाले आणि मग लिहू लागले. हे कळल्यावर खोलीत त्यांचा मान वाढला, कारण अपघाताने बसलेला कामगार तेथे प्रत्येकाच्या ओळखीचा होता. मामा वरेरकरांची 'धावता धोटा' 1933 ची, खास गिरणीवरची. तिच्याबद्दल मत असे, की मामा चाळीत हिंडलेले आहेत हे कळते, पण माणसे बोलतात फार. साच्याच्या आवाजात इतके बोलणे ऐकू येत नाही. हे मत कोणत्या टीकाग्रंथात आहे की नाही मला ठाऊक नाही. मी ती कादंबरी नुकतीच पुन्हा वाचली आणि मला ते पटले.

आता अर्नाळकर. खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, रहस्यकथा हजाराच्या वर. झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे नायक आमच्या वस्तीत नगरसेवकापेक्षा अधिक परिचित होते. येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. मी कार्यकर्ता झाल्यावर युनियनच्या कचेरीत पुस्तकांचे कपाट केले आणि त्यात एकही अर्नाळकर येऊ दिला नाही. कामगाराने असले वाचून वेळ घालवू नये, असे माझे तेव्हाचे ज्ञान. कपाट छान दिसे. सहा महिन्यांनी किल्ली हरवली, तरी कोणी विचारले नाही.

ट्रंकेतली दोन्ही पुस्तके गेल्या पावसाळ्यात मी एकापाठोपाठ वाचली, आणि वडिलांनी ती एकत्र का ठेवली असावीत हे ध्यानात आले. विद्वानांच्या फडताळात ह्यांच्या जागा दूर दूर आहेत. 1959 च्या 'फकिरा'ला पुढे राज्य सरकारचे पारितोषिक मिळाले. अण्णाभाऊ स्वतः गिरणीत राबलेले आणि लाल बावटा कलापथकातून गिरणगावाने ऐकलेले. अर्नाळकरांना असा मान कोणी देत नसे. पण फकिरा दुष्काळात धान्य लुटून उपाशी माणसांना वाटतो, आणि काळा पहाडही कायद्याबाहेर राहून दुष्टाला धडा शिकवतो. कायदा ज्याच्या बाजूने क्वचितच उभा राहिला अशा माणसाला दोघेही आपले वाटले. फरक वडिलांना कळत होता. ते म्हणत, "काळा पहाड सुटतो म्हणून झोप लागते. फकिरा फासावर जातो म्हणून लागत नाही."

माझी तक्रार आहे ती दोघांबद्दलही, आणि ती संघटकाची तक्रार आहे. दोन्हींत एकच माणूस सगळ्यांचे काम करतो. आम्ही 1982 साली डॉक्टर दत्ता सामंतांकडे ह्याच डोळ्यांनी पाहिले. सुमारे अडीच लाख कामगार संपावर होते, आणि आमच्या खोलीत बोलणे एकच, डॉक्टर बघतील. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो आणि तेच म्हणत होतो. दोष कादंबरीचा की उपाशी माणसाचा, ह्याचा निवाडा मला अजून करता आलेला नाही. वडील गावी निघाले तेव्हा पुस्तके परत करायची राहून गेली. मी मोठा होऊन त्या गल्लीत गेलो तोवर ते दुकानही उठले होते.

हल्ली कोनच्या इमारतीत संध्याकाळी म्हातारी मंडळी खाली बसतात, तेव्हा मी वही घेऊन जातो आणि कोणी काय वाचले होते ते उतरून घेतो. परवा एका जुन्या साचेवाल्याने रणजित देसायांच्या 'स्वामी'चे नाव काढले. बाकीच्यांना रमाबाईंचे सती जाणे आठवत होते. हा म्हणाला, "अहो, माधवराव मरताना कर्जाचा घोर करीत होता. मला तेवढेच लक्षात राहिले."