पोथीची भाषा व ज्ञातीचे दार

ज्ञातीच्या स्मरणिकेत दरसाल कुलवृत्तान्त, गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार व दिवंगत आप्तांचे स्मरण येते, आणि ते यावे हे योग्यच आहे. यंदा मात्र संपादक मंडळाच्या संमतीने आम्ही थोडा निराळा विषय हाती घेतला आहे. त्यास निमित्त घडले ते गेल्या चातुर्मासात. ज्ञातीच्या सभागृहात ज्ञानेश्वरीचे वाचन चालू असता एका सभासद कुटुंबातील तरुण उठला व म्हणाला, "ही पोथी मराठीत आहे म्हणून आम्हांस कळते. मग लग्नाचे व श्राद्धाचे मंत्र न कळणाऱ्या भाषेत का म्हणावयाचे? आणि ते कळल्यावर पटले नाहीत, तर काय करावयाचे?" पहिल्या प्रश्नावर थोडी चर्चा झाली. दुसऱ्यावर एका ज्येष्ठांनी सांगितले, "ज्याला पटत नसेल त्याने येऊ नये." तो तरुण पुढच्या वाचनास आला नाही. आम्ही त्या सभेत हजर होतो व इतरांप्रमाणेच मुकाट्याने बसलो होतो, हे येथे नमूद करणे आम्हांस भाग आहे.

घरी आल्यावर आमच्या मनात आले की, हा प्रश्न जालन्यास काही नवा नव्हे. 'जालना सोने का पालना' ही म्हण सर्वांस ठाऊक आहे. आजकाल पोलाद, बियाणे व मोसंबी यांनीही गावाचे नाव दूरवर नेले आहे. परंतु धर्मग्रंथ परक्या भाषेत न्यावा की न न्यावा, आणि नेल्यावर श्रद्धेचे काय होते, या वादाशीही आमच्या गावाचा जुना ऋणानुबंध आहे. अकबराच्या काळी जालना ही त्याच्या एका सरदाराची जहागीर होती आणि अबुल फजल याने काही काळ येथे वास्तव्य केले, असे गॅझेटियरात नमूद आहे. हा अबुल फजल 1599 साली दक्षिणेच्या मोहिमेवर आला व 1602 साली आग्र्याकडे परतत असता वाटेत मारला गेला. त्याच्या तलवारीपेक्षा त्याची लेखणी मोठी होती. महाभारताचे फारसी भाषांतर 'रज्मनामा' या नावाने अकबराने करविले, त्यास 1587 साली प्रस्तावना लिहिणारा हाच पुरुष.

या भाषांतराची हकीकत मोठी मनोरंजक आहे. फत्तेपूर सीक्री येथे 1575 साली बादशहाने इबादतखाना उभारला. प्रथम तेथे मुसलमान पंडितच एकमेकांशी वाद घालीत. पुढे ब्राह्मण, जैन, पारशी व गोव्याहून आलेले जेझुइट पाद्रीही येऊ लागले. 1582 च्या सुमारास महाभारताचे काम सुरू झाले. ब्राह्मण पंडितांनी अर्थ हिंदीत सांगावा व मुसलमान विद्वानांनी तो फारसीत उतरवावा, अशी रीत होती. या विद्वानांत बदायुनी नावाचा एक कडवा श्रद्धावान होता. त्यास हे काम मनापासून नावडते. पण हुकूम बादशहाचा! आपल्या कपाळी हे लिहिले होते, अशा अर्थाची तक्रार तो आपल्या बखरीत करतो. एकदा तर अकबराने त्याला बोलावून जाब विचारला की, कर्माचे फळ मिळते असा जो मजकूर तू लिहिलास तो इस्लामातील निवाड्याच्या दिवसाची कल्पना आहे, ती तू यात घुसडलीस. बदायुनीने उत्तर दिले की ती कल्पना हिंदूंचीच आहे. पाप-पुण्याचे फळ व स्वर्ग-नरक हे लोकही मानतात. अखेर बादशहाचे समाधान झाले. ज्याला दुसऱ्याचा ग्रंथ अपवित्र वाटत होता, त्यालाच त्या ग्रंथाच्या बाजूने साक्ष द्यावी लागली. भाषांतरकाराच्या नशिबी असे प्रसंग येतातच.

अबुल फजलची भूमिका याहून निराळी. आपल्या प्रस्तावनेत तो हिंदू व मुसलमान दोघांच्याही आंधळ्या अनुकरणावर टीका करतो. दोन्हीकडील सामान्य जन आपल्या पंडितांनी सांगितले तेवढेच खरे मानतात. एकमेकांचे मूळ ग्रंथ समजेल अशा भाषेत हाती आले तर परस्परद्वेष निवेल आणि प्रत्येकास स्वतःचे दोषही दिसतील, असा त्याचा आशय आहे. त्यास कोणी नास्तिक म्हटले, कोणी पाखंडी. आमच्या मते तो संशयी होता व धार्मिकही होता. या दोन गोष्टी एका माणसात नांदू शकत नाहीत असे मानणे ही आपली सोय आहे.

येथे एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. उत्तरेत रज्मनाम्याचे काम चालले असतानाच, शके 1506 म्हणजे 1584 साली, आमच्या शेजारच्या पैठणात एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. त्याआधी काशीस त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील मराठी टीका पुरी केली, तेव्हा तेथील पंडितांनी देववाणी सोडून प्राकृतात लिहिल्याबद्दल आक्षेप घेतला, अशी परंपरागत कथा आहे. 'हिंदू-तुर्क संवाद' हे भारूड तर नाथांचेच. बादशहाने हुकमाने जे करविले, ते पैठणच्या गृहस्थाने आपल्या अंगणात केले. आणि पैठण म्हटले की ज्ञानदेवादी भावंडांची कथा आठवतेच. संन्याशाची मुले म्हणून त्यांना वाळीत टाकले, शुद्धिपत्रासाठी ती पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे उभी राहिली, असे परंपरा सांगते. ज्यांना ज्ञातीने दारात उभे केले नाही, त्यांच्यातल्याच एकाने शके 1212 मध्ये गीता मराठीत आणली आणि तीच आज आपण ज्ञातीच्या सभागृहात वाचतो. याचा विचार वाचकांनी करावा.

आता अडीच शतके ओलांडून मुंबईस येऊ. कारण जालन्याची पुढील हकीकत तेथेच सुरू होते. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन 1829 साली मुंबईस आले आणि पुढल्याच वर्षापासून ब्राह्मणांशी जाहीर वाद सुरू झाले. 1831 साली मोरभट दांडेकर यांनी त्यांच्याशी वाद केला व 'हिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक छापले. विल्सन यांनी त्यास उत्तर दिले. मग साताऱ्याच्या नारायणराव नामक विद्वानांनी 'स्वदेशधर्माभिमानी' लिहून विल्सन यांस प्रत्युत्तर दिले. या वादांत कोण जिंकले हे सांगण्यात आता स्वारस्य नाही. दोन्ही पक्षांस मराठीत बोलावे व छापावे लागले, हे मात्र महत्त्वाचे आहे. जे प्रश्न शास्त्री मंडळी आपसांत संस्कृतात सोडवीत, ते बाजारात पैसे देऊन विकत मिळू लागले. विल्सन यांची भाषा पुष्कळ ठिकाणी उपरोधाची व अन्यायाची होती, हेही सांगितले पाहिजे.

अशा वातावरणात 1843 साली नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती हा दहा-बारा वर्षांचा मुलगाही त्यांच्यामागोमाग मिशनऱ्यांच्या घरी गेला. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली. न्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी मुलगा अज्ञान असल्याने तो वडिलांच्या हवाली केला. अजाण मुलास घरापासून तोडणे हे मिशनऱ्यांचे कृत्य आम्हांस आजही समर्थनीय वाटत नाही.

कोर्टाने मुलगा दिला. पण ज्ञातीने घ्यावा की नाही? त्याने मिशनऱ्यांच्या घरचे अन्न खाल्ले होते. बाळशास्त्री जांभेकर यांनी प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे असा पक्ष घेतला व तशी व्यवस्था करविली. 'दर्पण' काढणारे, एल्फिन्स्टनमध्ये अध्यापन करणारे, शास्त्रांत पारंगत असे हे गृहस्थ. तरी कर्मठांनी गदारोळ केला. एका मोठ्या पक्षाने ते प्रायश्चित्त मानले नाही आणि मुलाशी व्यवहार करणाऱ्यांवर बहिष्काराची भाषा सुरू झाली. शास्त्राधार दोन्हीकडे होते. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या पोटात गेलेल्या अन्नावर मोठमोठ्या विद्वानांनी वचनांचा खल केला. दोनच वर्षांनी, 1845 साली, याच बाळशास्त्र्यांनी ज्ञानेश्वरी प्रथम छापून काढली, आणि 1846 साली ते निवर्तले. श्रीपतीसाठी दार ठोठावणारा माणूस व ज्ञानेश्वरी प्रथम छापणारा माणूस एकच होता, हे आपल्या सभागृहात किती जणांस ठाऊक असेल?

यानंतर आपल्यातूनच एक तिसरा पक्ष निघाला. 1849 साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली; दादोबा पांडुरंग हे तिचे प्रमुख. कोणताही ग्रंथ ईश्वराने दिलेला नाही असे ही मंडळी मानीत व जातिभेद मोडण्याची शपथ घेत. पण सारे गुप्तपणे. 1860 साली सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा संपली. या सभेत वावरलेले बाबा पदमनजी 1854 साली ख्रिस्ती झाले. विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मात्र 1857 साली मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी उघड्यावर कित्येक महिने वाद केला. गुप्त सभेपेक्षा हे आम्हांस अधिक आवडते.

इकडे नारायण शेषाद्री पाद्री झाले आणि 1860 नंतरच्या वर्षांत जालन्यास आले. हा मुलूख तेव्हा निजामाचा. कचेरीत फारसी, छावणीत इंग्रजी, घरात व शेतात मराठी. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी जालन्याजवळ जमीन दिली व तेथे त्यांनी ख्रिस्ती लोकांचे गाव वसविले. त्याचे नाव बेथेल. हा हिब्रू शब्द. अर्थ 'देवाचे घर'. जन्मभर मराठीत उपदेश करणाऱ्या माणसाने गावाचे नाव तेवढे भाषांतरित केले नाही, याची आम्हांस गंमत वाटते. या गावात आलेली कुटुंबे बहुतांशी मातंग समाजाची होती. ज्यांना पोथीला हात लावण्याची तर सोडाच, ती जवळून ऐकण्याचीही सोय नव्हती, त्यांच्यापुढे एका ब्राह्मणाच्या मुलाने मराठी ग्रंथ उघडून ठेवला. शेषाद्री 1873 साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेतही बोलले. 1891 साली त्यांचे देहावसान झाले. आपल्या शास्त्रांना त्यांनी जी कसोटी लावली ती नव्या शास्त्रास लावली असे दिसत नाही, हा आमचा आक्षेप आहे. पण बेथेल पाहिल्यावर आक्षेप जरा हलक्या आवाजात घ्यावा लागतो.

आता त्या मराठी ग्रंथाच्या भाषेविषयी. बायबल मराठीत आणणाऱ्यांस पदोपदी आपलेच शब्द उसने घ्यावे लागले. 'बाप्तिस्मा' हा शब्द त्यांनी तसाच ठेवला. आणि तो ठेवण्यामागे भांडण होते. बंगालीत बॅप्टिस्टांनी त्याचे भाषांतर 'बुडविणे' या अर्थाने केले, म्हणून बायबल सोसायटीने त्या भाषांतरास मदत नाकारली. आपले पंडितच तेवढे शब्दासाठी भांडतात असे नव्हे! पंडिता रमाबाईंस जुनी भाषांतरे संस्कृतप्रचुर व साध्या बायकांस दुर्बोध वाटली. त्यांनी केडगाव येथे हिब्रू व ग्रीक शिकून संबंध बायबल सोप्या मराठीत आणले आणि 1922 साली, मृत्यूच्या तोंडावर, ते काम पुरे केले. कोकणस्थ शास्त्र्यांची ही मुलगी संस्कृतात वाढली होती, म्हणूनच कोणता शब्द टाळावयाचा हे तिला नेमके कळत असावे.

पण एक शब्द असा की, तो मराठी बायबलात ठाण मांडून बसला आहे. ख्रिस्ताने जगाच्या पापासाठी जे केले त्याला तेथे 'प्रायश्चित्त' म्हटले आहे. आपल्या धर्मशास्त्रात प्रायश्चित्त ज्याचे त्याने घ्यावयाचे. दुसऱ्याने दुसऱ्यासाठी घेणे शास्त्र्यांस पटणे कठीण. शब्द एक, अर्थ दोन. नारायण शेषाद्री जालन्याच्या लोकांपुढे हा शब्द उच्चारीत तेव्हा श्रीपतीच्या वेळचे प्रायश्चित्त त्यांना आठवत नसेल काय? धाकट्या भावासाठी ज्या शब्दाने दार उघडावयाचे तो शब्द ज्ञातीने आपल्या कुलपाची किल्ली करून ठेवला. थोरल्याने तोच शब्द घेऊन दुसऱ्या घराचे दार उघडले.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही त्याची एक प्रत त्या तरुणास पाठविली आहे. सोबत चिठ्ठीत लिहिले आहे की, येत्या चातुर्मासात वाचन पुन्हा सुरू होईल, त्या सभेत त्याच्या दुसऱ्या प्रश्नास पहिली वेळ द्यावी असे आम्ही कार्यकारिणीस कळविले आहे, व ज्या ज्येष्ठांनी त्यास येऊ नये असे सांगितले त्यांची या गोष्टीस हरकत नाही. स्मरणिका छापावयास जाईपर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही.