सेकंड हँड हायब्रिड एसयूव्ही घेताय? टेस्ट ड्राइव्हमध्ये स्टीअरिंग काय सांगतं, ते ओळखा

मारुती ग्रँड व्हिटारा आणि टोयोटा हायरायडर या दोन हायब्रिड एसयूव्ही २०२२ मध्ये भारतात आल्या. आता त्या सेकंड हँड बाजारातही दिसू लागल्या आहेत. फोटो झकास, किलोमीटर कमी, किंमत बजेटमध्ये. पण टेस्ट ड्राइव्हला बसलं की गोंधळ उडतो. स्टीअरिंग एकदम हलकं लागतं, इंजिन मध्येच चालू होतं, मध्येच बंद पडतं. हा बिघाड आहे की हायब्रिडचा स्वभावच तसा आहे? हा फरक कळला नाही तर दोन प्रकारे फसायला होतं. एक तर चांगली गाडी हातची जाते, नाहीतर ठोकलेली गाडी गळ्यात पडते.

आधी खात्री करा : स्ट्राँग की माइल्ड?

या दोन्ही गाड्या दोन प्रकारांत मिळतात. माइल्ड हायब्रिडमध्ये चार सिलिंडरचं इंजिन असतं आणि छोटी मोटर त्याला फक्त मदत करते. ती गाडी निव्वळ विजेवर धावत नाही. स्ट्राँग हायब्रिडमध्ये १.५ लिटरचं तीन सिलिंडर इंजिन, वेगळी मोटर आणि ई-सीव्हीटी गिअरबॉक्स असतो. यात मॅन्युअल गिअर नसतो. पार्किंगमधून गाडी इंजिनचा आवाज न करता हलली, तर ती स्ट्राँग हायब्रिड. नुसत्या 'हायब्रिड' शब्दावर जादा पैसे मोजू नका.

या गोष्टींना घाबरू नका

- स्टीअरिंग हलकं असणं. पॉवर स्टीअरिंग इलेक्ट्रिक आहे, त्यामुळे कमी वेगात ते एका हाताने फिरतं. वेग वाढला की थोडं जड व्हायला हवं.
- जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज आधी वाढणं आणि वेग मागून येणं. ई-सीव्हीटीचा तो स्वभाव आहे.
- सिग्नलला एसी चालू ठेवून उभं असताना इंजिन आपोआप चालू-बंद होणं.
- ब्रेक दाबल्यावर हलकी घूं-घूं ऐकू येणं. मोटर तेव्हा बॅटरी चार्ज करत असते. थांबता थांबता ब्रेकचा फील किंचित बदलतो, तेही नॉर्मल.
- लांब घाट उतरताना इंजिनचा आवाज वाढणं. बॅटरी भरली की गाडी इंजिनच्या मदतीने वेग रोखते.

इथे मात्र कान टवकारा

हायब्रिडचा एक मोठा फायदा म्हणजे विजेवर चालताना इंजिन गप्प असतं. त्यामुळे खालचे आवाज स्पष्ट ऐकू येतात. म्युझिक आणि एसी बंद करा, काचा खाली घ्या.

१. उभ्या गाडीत : डॅशबोर्डवर 'रेडी' दिसल्यावर स्टीअरिंग हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. अडकणं, कर्रकर्र किंवा टकटक नको. गाडी ऑन करताना स्टीअरिंगचा इशारा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तरीही शंका घ्या.

२. मोकळ्या जागेत : स्टीअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरा. चाकाकडून कट-कट आवाज आला तर एक्सलचा जॉइंट गेलेला असू शकतो. वळणातून बाहेर येताना हात सैल सोडा, स्टीअरिंग आपणहून मध्यावर यायला हवं.

३. सरळ रस्त्यावर : गाडी सरळ जात असताना स्टीअरिंग वाकडं दिसतंय का? गाडी एका बाजूला ओढते का? आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळे डावीकडे किंचित कल चालतो. पण सपाट रस्त्यावरही ओढत असेल तर आधी अलाइनमेंट करून घ्यायला सांगा. त्यानंतरही फरक पडला नाही, तर सस्पेन्शनचा भाग वाकलेला असू शकतो. गाडी ठोकलेली असल्याची ती मोठी खूण आहे.

४. ८० च्या पुढे : स्टीअरिंग थरथरलं तर व्हील बॅलन्सिंग बिघडलंय किंवा खड्ड्यात रिम वाकलीय. फक्त ब्रेक मारतानाच थरथर आली तर ब्रेक डिस्क बघा.

५. खड्डे आणि स्पीडब्रेकरवर : खालून खट्-खट् आवाज म्हणजे बुश, लिंक रॉड किंवा स्टीअरिंग रॅकचं काम निघू शकतं. रॅकचा खर्च मोठा असतो, म्हणून भाव ठरवण्याआधी मेकॅनिकला दाखवा.

टायर खोटं बोलत नाहीत

चारही टायरवर हात फिरवा. टायर फक्त आतल्या किंवा बाहेरच्या कडेला घासला असेल तर अलाइनमेंट बरेच दिवस बिघडलेली आहे. पुढचे दोन टायर वेगवेगळ्या कंपनीचे असतील तर स्टीअरिंगचा फील त्यामुळेही बदलतो. विकणाऱ्याने नुकतेच चारही नवे टायर टाकले असतील तर 'का बदलले?' हे जरूर विचारा.

मोबाइल कामाला लावा

- चालवताना मोबाइल मित्राकडे द्या आणि त्याला आवाज रेकॉर्ड करायला सांगा. तीच क्लिप नंतर मेकॅनिकला ऐकवा.
- एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख आणि विमा तपासा. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, तेही बघा.
- सर्व्हिस रेकॉर्ड अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच खात्री करून घ्या. हायब्रिड बॅटरीची वॉरंटी ८ वर्षे किंवा १,६०,००० किमी, जे आधी होईल तोपर्यंत असते. किती शिल्लक आहे ते तिथेच कळेल.

शेवटचं, पण महत्त्वाचं : गाडी थंड असतानाच बघायला जा आणि सोसायटीला एक चक्कर मारून समाधान मानू नका. खराब रस्ता, मोकळा हायवे आणि गर्दी, असं तिन्ही मिळून किमान अर्धा तास चालवा. विकणारा एवढा वेळ द्यायला तयार नसेल तर दुसरी गाडी बघा. हप्ते पुढची पाच वर्षं तुम्हालाच भरायचे आहेत.