दाताचा जिवंत गाभा

जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी पाड्यांवरून दंतवैद्याकडे वारंवार खेपा घालणे सोपे नव्हे. साहजिकच खोल किडलेली दाढ उपटण्याकडे कल होतो. वास्तविक तिचा गाभा पुष्कळदा जिवंतच असतो.

१७५६ साली बर्लिनच्या फिलिप फाफने उघड्या पडलेल्या गाभ्यावर सोन्याचा पत्रा झाकून तो राखू पाहिला. १९२० साली जर्मनीत हेर्मानने विरलेला चुना योजला. पानाच्या डब्यातलाच हा पदार्थ. मात्र घरी कोणी दाढेत भरू नये, तोंड भाजेल! तथापि गाभा मरतो कशाने, हे १९६५ साली अमेरिकेत उलगडले. जंतुरहित उंदरांचा उघडा गाभा, अन्न साचूनही, नव्या दंतद्रव्याने झाकला गेला. इतर उंदरांचा कुजला. म्हणजे वैरी छिद्र नव्हे, जंतू. त्यांची वाट बुजविणारी सिमेंटे १९९३ नंतर पुढे आली. त्यांतील लवकर घट्ट होणाऱ्यांनी पुष्कळदा एकाच खेपेत काम उरकते.